हब बाजारात मिळेनासा झाला, तर घर कसे सावरावे

घरातले दिवे, कुलुपे आणि पाणीगळतीचे सेन्सर ज्या एका लहानशा डबीच्या भरवशावर चालतात, ती डबी म्हणजे हब, कंपनीच्या स्वतःच्या दुकानातही महिनोन्महिने ‘उपलब्ध नाही’ असे दाखवू लागली, तर ‘आपली तर चालू आहे’ असे म्हणून गप्प बसू नये. जुना हब चालू आहे तोवर घरातली सगळी उपकरणे दुसऱ्या हबवर हलवणे हे दोनतीन सुट्ट्यांचे काम असते. तो बंद पडल्यावर तेच काम कितीतरी पटींनी अवघड होते.

अमेरिकेतल्या विंक या हबचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. क्वर्की या कंपनीने तो 2014 मध्ये बाजारात आणला, 2015 मध्ये क्वर्की दिवाळखोरीत गेल्यावर तो फ्लेक्स या कंपनीकडे गेला आणि 2017 मध्ये आय.ॲम.प्लसकडे. पुढे हब विक्रीत मिळेनासा झाला, आणि मे 2020 मध्ये ग्राहकांना कळवण्यात आले की महिना 4.99 डॉलर वर्गणी भरा, नाहीतर सेवा बंद होईल. सुरुवातीला मुदत दिली होती ती जेमतेम आठवड्याची. ओरड झाल्यावर ती पुढे ढकलली गेली. ज्यांनी हा हब घेतला होता, त्यांनी तो मासिक वर्गणी नाही म्हणूनच घेतला होता, हे विसरून चालणार नाही.

मात्र प्रत्येक टंचाई ही अखेरची चाहूल नसते. 2021 ते 2023 या काळात रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक मिळणे दुरापास्त झाले होते, पण त्यामागे जगभरातली चिप-टंचाई होती; त्यावर चालणाऱ्या, हबचे काम करणाऱ्या होम असिस्टंट या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या त्या काळातही दर महिन्याला येत होत्या. फरक ओळखायचा तो येथेच. ॲपची शेवटची सुधारणा कधी आली, मदतकेंद्र उत्तर देते का, माल कधी येणार हे कंपनी उघडपणे सांगते का, आणि इतर कंपन्यांची उपकरणे अजून नव्याने जोडली जात आहेत का, या चार गोष्टी पाहाव्यात. माल नाही, सुधारणा नाहीत आणि खुलासाही नाही, अशी स्थिती तीन महिने टिकली, तर मी स्थलांतराची तयारी सुरू करतो.

अशा वेळी घाबरून जुन्या बाजारातून जादा पैसे मोजून दुसरा हब घेऊन ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. पुष्कळदा असा हब आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेला असतो, आणि नवा हब सुरू करायला कंपनीचा सर्व्हर लागत असेल, तर सर्व्हर बंद पडल्यावर तो कपाटातला हबही निरुपयोगी ठरतो. रिवॉल्व्ह या हबच्या ग्राहकांनी सुमारे 300 डॉलर देऊन घेतलेले हब मे 2016 मध्ये असेच निकामी झाले.

पहिले काम एका संध्याकाळी उरकते. राऊटरचे वायफाय चालू ठेवून बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा आणि अर्धा तास घरात नेहमीप्रमाणे वावरा. भिंतीवरच्या बटणाने दिवा लागतो का, हालचाल टिपणारा सेन्सर दिवा लावतो का, कुलूप उघडते का, हे एकेक करून पाहा आणि वहीत लिहा. जे चालले ते घरातल्या घरात चालते. जे थांबले ते कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे, आणि धोका तिथेच आहे.

त्यानंतर यादी करा. प्रत्येक उपकरणाचा मॉडेल क्रमांक, ते कोणत्या खोलीत आहे, झिगबी, झेड-वेव्ह (या दोन्ही अशा उपकरणांच्या बिनतारी भाषा) की वायफायवर बोलते, आणि ते मूळ स्थितीत कसे आणायचे (म्हणजे फॅक्टरी रीसेट), एवढे लिहावे; मागच्या बाजूचा क्यूआर कोड आणि पिन यांचा फोटो काढून ठेवावा, कारण स्विच भिंतीत बसवल्यावर तो कोड पुन्हा पाहायचा तर बोर्ड उघडावा लागतो. उपकरणांइतकेच महत्त्वाचे असतात ते आपण लावून दिलेले नियम, आणि तेच लोक लिहायचे विसरतात. ते ॲपच्या भाषेत नव्हे, साध्या वाक्यांत लिहा: ‘सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी अंगणातला दिवा लागतो, अकरा वाजता मंद होतो.’ आमच्याकडे यादी करताना लक्षात आले की आई रात्री उठली की तिच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतचा दिवा मंद उजेडात लागतो. हा नियम चार वर्षांपूर्वी लावला होता आणि तो इतका बिनबोभाट चालत होता की तो हबवर आहे हेच आम्ही विसरलो होतो. नव्या हबवर सर्वांत आधी तोच उभा केला.

नवा हब निवडताना माझी एकच अट असते: नियम घरातल्या घरात चालले पाहिजेत. होम असिस्टंट किंवा हुबिटॅट ही अट पूर्ण करतात. पहिल्यात मोकळीक अधिक आहे, पण शिकायलाही अधिक वेळ द्यावा लागतो. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या मॅटर या मानकामुळे नवी उपकरणे एकाच कंपनीला बांधलेली राहत नाहीत, पण जुनी झिगबी किंवा झेड-वेव्ह उपकरणे त्यामुळे आपोआप वाचत नाहीत; त्यांना त्यांच्या भाषेत बोलणारा रेडिओ लागतोच. अमेरिकेतून भारतातल्या घरासाठी सामान नेणाऱ्यांनी आणखी जपावे. झेड-वेव्ह अमेरिकेत 908 मेगाहर्ट्झच्या आसपास आणि भारतात 865 मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, त्यामुळे तिकडचा सेन्सर इकडच्या हबला ऐकूच येत नाही, आणि 120 व्होल्टचा स्विच 230 व्होल्टच्या बोर्डात बसवणे तर धोक्याचे आहे. झिगबी मात्र दोन्हीकडे 2.4 गिगाहर्ट्झवरच असते.

आता प्रत्यक्ष हलवाहलव. जुना हब चालू ठेवूनच नवा हब वेगळ्या जागी लावा, आणि काही झाले तरी काम पूर्ण होईपर्यंत जुना हब मूळ स्थितीत आणू नका. एप्रिल 2022 मध्ये इनस्टिऑन या हब बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद झाले, तेव्हा ज्यांनी काहीतरी बिघडले असावे असे समजून हब पुसून काढला, त्यांना तो पुन्हा सुरू करताच येईना. ज्यांनी हात लावला नाही, त्यांचे साधे नियम तरी घरात चालत राहिले. (जून 2022 मध्ये काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली, पण असे क्वचितच घडते.)

झिगबीमध्ये आधी कायम विजेवर चालणारी उपकरणे जोडावीत, आणि तीही हबजवळच्यापासून सुरुवात करून दूरच्यापर्यंत, कारण तीच पुढे संदेश पोहोचवतात. बॅटरीवरचे सेन्सर नंतर, आणि शक्यतो ते जिथे राहणार आहेत तिथेच उभे राहून जोडावेत. झेड-वेव्हमध्ये एक पायरी जास्त असते: उपकरण जुन्या जाळ्यातून वगळल्याशिवाय नव्यात येत नाही. आमच्या जिन्यातले बटण नव्या हबला काही केल्या दिसेना. अर्धा तास ते दाबून दाबून बोट दुखले, तेव्हा लक्षात आले की ते अजून जुन्या जाळ्यातच आहे. नव्या हबवर ‘एक्सक्लूड’ सुरू करून बटण एकदाच दाबले, त्याचा बारीकसा निळा दिवा लुकलुकून विझला, आणि पुढची जोडणी मिनिटभरात झाली. वगळण्याचे हे काम कोणत्याही झेड-वेव्ह हबवरून करता येते, त्यासाठी जुनाच हब लागतो असे नाही.

एका वेळी एकच खोली घ्यावी आणि ती दोन दिवस वापरून पाहिल्याशिवाय पुढची घेऊ नये. दाराचे कुलूप शेवटी हलवावे, आणि त्या दिवशी साधी किल्ली खिशात असावी. धुराचा भोंगा हबशिवाय स्वतःहून वाजला पाहिजे. तसे नसेल तर तो बदलावाच, त्यात काटकसर नको. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे हब आणि राऊटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

सगळे जमल्यावर जुन्या हबची तार काढून तो महिनाभर तसाच बाजूला ठेवा. या काळात कोणी ‘तो दिवा हल्ली लागत नाही’ असे म्हणाले, तर विसरलेला नियम सापडला असे समजून तो वहीतून पुन्हा उभा करा. महिन्यानंतर हब मूळ स्थितीत आणा, अलेक्सा आणि गुगलला दिलेल्या परवानग्या काढून घ्या, मग जुने खाते पुसून टाका आणि डबी ई-कचऱ्यात द्या.