कथकच्या वर्गाचं शूटिंग: आधी आवाज, मग कॅमेरा

ट्रायपॉड, फोकस, बॅटऱ्या हे तुम्हाला येत असणार, त्यात वेळ घालवत नाही. कथकच्या वर्गाचं शूटिंग बिघडतं ते आवाजात, आणि बिघडलंय हे घरी येऊन ऐकल्यावर कळतं. तोवर मुली घुंगरू सोडून घरी गेलेल्या असतात.

फोन असो की कॅमेरा, आवाजाची पातळी तो आपली आपण कमी-जास्त करत असतो. दोन माणसं गप्पा मारत असतील तर सोय चांगली आहे. वर्गात तीच घात करते. शिकवणाऱ्या ताई पढंत करतात, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणतात, तेव्हा आवाज बेताचा असतो, म्हणून यंत्र पातळी वर नेतं. मग बारा मुली एकदम पाय टाकतात. प्रत्येक पायात शंभर घुंगरू धरले तर २,४०० घुंगरू एका ठोक्यावर वाजतात. यंत्र दचकून पातळी खाली पाडतं आणि पढंतीचे पुढचे बोल त्या खड्ड्यात जातात. तिहाई (तीनदा म्हटलेला तोच तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर संपली, सगळ्या थांबल्या, की पातळी पुन्हा चढते आणि पंख्याची घरघर वर येते. ही चढउतार आवाजातच मुरलेली असते. एडिटिंगमध्ये ती नीट निघत नाही. कोणी ‘नंतर बघू’ म्हणालं तर ऐकू नका.

म्हणून पातळी ऑटोवरून काढून हाताने लावायची. ‘हॅलो, हॅलो’ म्हणून लावू नका. ताईंना विनंती करा आणि सगळ्या वर्गाकडून चौगुणीतला (एका मात्रेत चार बोल) तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, पूर्ण जोरात, शेवटच्या पायासकट करून घ्या. त्यातला सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बटण लावा आणि वर्ग संपेपर्यंत त्याला हात लावू नका. पढंत कमी वाटेल, वाटू दे. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. जमलं तर दोन माइक ठेवा: एक ताईंच्या हनुवटीखाली वीतभर अंतरावर, दुसरा पहिल्या रांगेपासून दोनेक मीटरवर. दुसऱ्याचा स्टँड घडी घातलेल्या सतरंजीवर उभा करा, नाहीतर जमिनीतून येणारे धक्के थेट माइकमध्ये जातात.

ब्लूटूथ इअरफोन माइक म्हणून वापरायचा सोपा मार्ग कोणीतरी सुचवेलच. तो इथे नकोच. त्याचा आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. गप्पांमध्ये ते कळणारही नाही. पण एक मात्रा एक सेकंदाची धरली, तर चौगुणीत एका बोलाला २५० मिलिसेकंद मिळतात. दीडशेचा उशीर म्हणजे अर्ध्या बोलाहून जास्त. पाय आधी पडलेला दिसतो, घुंगरू मागून वाजतात, आणि लयीत चोख असलेली मुलगी लय चुकलेली दिसते. तिच्या मेहनतीवर हा सरळ अन्याय आहे.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी आणि शेवटी एक. शेवटची टाळी विसरू नका, तासाभरात दोन यंत्रं एकमेकांपासून किती सरकली ते तिच्यावरूनच कळतं. फोनमध्ये फ्रेमचा वेग थोडा हलत राहतो. तो एडिटिंगआधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्थिर करून घ्या.

एवढं सांभाळलंत की अवघड भाग झाला, खरंच. बाकीचं हाताला लवकर बसतं.

भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. पावलं आणि चक्कर जास्त स्पष्ट हवे तर १/१००. यापेक्षा वेगळं काही लावलं तर ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसू शकतात. अमेरिकेत वर्ग घेणाऱ्यांनी १/६० किंवा १/१२० धरावं.

फ्रेममध्ये पावलाखाली थोडी जमीन दिसलीच पाहिजे. कथकात पाय कापणं म्हणजे गाण्यातला सूर कापणं. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात अंतराच्या साधारण सव्वापट रुंदी मावते, म्हणजे सहा मीटरच्या रांगेसाठी पाच मीटर मागे जा. जागा नसेल तर ०.५ वर (फोनच्या जास्त रुंद लेन्सवर) जाऊ नका, कडेच्या मुली ताणलेल्या दिसतात. त्यापेक्षा कोपरा धरा, आरशात तुम्हीही दिसणार नाही. घरी रियाजासाठी व्हिडिओ हवा असेल तर ताईंच्या पाठीमागून घ्या, उजवं-डावं उलटं होत नाही.

लग्नाच्या शूटिंगमध्ये मुरलेल्यांकडून गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) आणि स्लो-मोशन शिकून इथे येऊ नका. कॅमेरा फिरला की पाय हातातून निसटतात. त्याऐवजी महिनाभर वर्गात बसून हातावर तीनताल धरा: एक, पाच, तेरावर टाळी, नववर खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडा. सम कुठे येते ते कळलं की कट कुठे मारायचा ते कोणाला विचारावं लागत नाही.

लहान मुली असतील तर शूटिंगआधीच पालकांची परवानगी घ्या. आणि शेवटची तिहाई झाली की कॅमेरा दहा सेकंद तसाच चालू ठेवा, टाळी द्या, मग तिथेच हेडफोन लावून एक तिहाई ऐका. मुलींनी घुंगरू सोडायच्या आधी ऐका. पायांत घुंगरू असेपर्यंत तेवढा तुकडा पुन्हा मागता येतो.