मुंबईतील स्त्री-मताधिकार कार्यकर्तीचे चरित्र आणि कुटुंबवृत्त कसे लिहावे

गिरगाव, दादर किंवा पार्ल्यातील एखाद्या जुन्या महिला मंडळाच्या संस्थापिकेविषयी लिहिण्याची वेळ येते, तेव्हा हाताशी बहुधा एक तसबीर, दोन-तीन मानपत्रे आणि ‘स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी पुढाकार घेतला’ एवढे एक वाक्य असते. हे वाक्य खरेही असू शकते. परंतु तिने कोणत्या मतासाठी, कोणत्या साली, कोणाबरोबर आणि घरातील कोणत्या परिस्थितीत काम केले हे ठरवल्याशिवाय त्यावर चरित्र उभे राहत नाही.

म्हणून आरंभ व्यक्तीपासून न करता कायद्यापासून करावा. १९१७ साली सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले. १९१९ च्या भारत सरकार कायद्याने स्त्रियांना थेट मत दिले नाही, तर तो निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोपवला. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि पाठोपाठ मुंबई इलाख्याने स्त्रियांवरील बंदी उठवली. मत मिळाले तरी उमेदवार म्हणून उभे राहण्याची मोकळीक १९२६ पर्यंत नव्हती. १९३५ च्या कायद्याने पतीच्या मालमत्तेच्या किंवा स्वतःच्या साक्षरतेच्या आधारावर आणखी काही स्त्रिया मतदार झाल्या आणि सर्व प्रौढांना मत मिळाले ते राज्यघटनेने. आपली कार्यकर्ती यांपैकी कोणत्या टप्प्यावर दिसते, हे कागदाच्या एका बाजूला लिहून ठेवावे. १९१५ साली जन्मलेल्या बाईंना १९२१ च्या लढ्याचे श्रेय देणाऱ्या स्मरणिका छापल्या जातात, त्या या साध्या पडताळणीच्या अभावी.

१९२१ चे मत सर्व स्त्रियांचे नव्हते, हे कुटुंबवृत्त लिहिणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. मालमत्ता, घरभाडे किंवा प्राप्तिकर यांची अट पुरुषांप्रमाणे स्त्रियांनाही लागू होती, आणि मुंबईतील बहुसंख्य स्त्रियांच्या नावावर यांपैकी काहीच नव्हते. त्यामुळे जिने सभा भरवल्या, सह्या गोळा केल्या, तिला स्वतःला मत मिळाले का, हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे उत्तर घरातच दडलेले असते: बिऱ्हाडाची भाडेपावती कोणाच्या नावे होती, स्त्रीधनाखेरीज तिच्या नावावर काही होते का, वैधव्यानंतर घर तिच्याकडे आले की दिराकडे. जुनी मतदारयादी सापडल्यास उत्तमच. न सापडल्यास भाडेपावत्या, खरेदीखत आणि मृत्युपत्र यांवरून पुष्कळ कळते. चरित्राचा हा भाग बहुतेक लेखक गाळतात, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत बोलका असतो.

यानंतर नावाचा शोध. लग्नात नाव बदलण्याच्या रूढीमुळे आपल्याकडे एका स्त्रीचे कागद दोन नावांखाली विखुरलेले असतात. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. १८६२ साली सांगलीकडील देवराष्ट्रे येथे त्यांचा जन्म झाला आणि १८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला. माहेरचे नाव ठाऊक नसेल, तर जन्म, शाळा आणि भावंडे यांच्याविषयीचे काहीही हाती लागणार नाही. शिवाय वर्तमानपत्रांत स्त्रीचा उल्लेख अनेकदा केवळ ‘सौ.’ आणि पतीचे नाव एवढाच असतो. म्हणून माहेरचे नाव व आडनाव, सासरचे नाव, पतीचे पूर्ण नाव व हुद्दा, घरातील हाकेचे नाव आणि आडनावाची इंग्रजीतील वेगवेगळी स्पेलिंगे यांचा एक तक्ता करावा व प्रत्येक ग्रंथालयात तो सोबत न्यावा. ही अडचण केवळ संशोधकांची नाही: देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या, कारण त्यांची नोंद स्वतःच्या नावाने नव्हे, तर कोणाची तरी पत्नी किंवा मुलगी म्हणून झाली होती.

कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याचा छापील वंशवृत्तांत, जरूर पाहावा, पण त्याच्यावर विसंबू नये. जुन्या कुलवृत्तांतांत मुलांच्या पिढ्या तपशिलाने येतात आणि मुलगी ‘अमुक गावी दिली’ एवढ्यावर आटोपते. सुनेच्या बाबतीत माहेरचे आडनाव मिळाले तरी पुष्कळ. कुटुंब पारशी असेल तर गुजरातीतील ‘पारसी प्रकाश’चे खंड चाळावेत, जन्म, मृत्यू, देणग्या आणि संस्थांच्या नोंदी त्यांत तारीखवार आहेत. तिथी आणि शक यांत दिलेल्या नोंदींचे रूपांतर करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावेत. माघ शके १८४३ म्हणजे १९२२ चा आरंभ, १९२१ नव्हे. आणि मताधिकाराच्या इतिहासात एका वर्षाचा हा फरक अजिबात किरकोळ नाही.

कुटुंबाचा वृत्तांत चळवळीत कसा गुंफावा याचा सर्वांत चांगला नमुना मुंबईतच आहे, तो हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन यांचा. हेराबाईंचा जन्म १८७९ चा. सोळाव्या वर्षी लग्न झाले. पती अर्देशीर कापड गिरणीत नोकरीला असल्याने मिठनचे बालपण पुलगावला गेले, पुढे बदलीने कुटुंब अहमदाबादला आणि मग मुंबईत आले. १९११ मध्ये काश्मीरच्या सहलीत मायलेकींची भेट इंग्लंडमधील मताधिकार चळवळीत असलेल्या सोफिया दुलीपसिंग यांच्याशी झाली आणि हेराबाईंची उत्सुकता सोफिया यांनी लावलेल्या मताधिकाराच्या बिल्ल्यापासून सुरू झाली. पुढे हेराबाई विमेन्स इंडियन असोसिएशनच्या मुंबई शाखेचे काम पाहू लागल्या. १९१९ मध्ये दोघी इंग्लंडला गेल्या व भारतीय स्त्रियांच्या मताची बाजू मांडली. मिठनने तिथेच राहून १९२३ मध्ये बॅरिस्टरची सनद घेतली, मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, आणि विवाहानंतर मिठन लाम या नावाने १९४७ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या.

या हकिकतीतील प्रत्येक वळण कुटुंबाशी बांधलेले आहे. वडिलांची बदली झाली नसती तर मिठनचे शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात झाले असतेच असे नाही. आणि आई बरोबर नसती तर त्या काळी एकवीस वर्षांची अविवाहित मुलगी लंडनमध्ये सभा घेत फिरली असती, हे संभवत नाही. आपल्या कार्यकर्तीविषयी लिहितानाही असेच नेमके प्रश्न धरावेत: प्रवासाचा खर्च कोणी केला, ती दौऱ्यावर असताना लहान मुले कोणाजवळ राहिली, स्वयंपाकघर कोणी चालवले, आणि सासूने हे सारे मानले का. ‘पतीचा खंबीर पाठिंबा होता’ हे वाक्य पुराव्याशिवाय लिहूच नये. तसेच टाटांसारखे आडनाव दिसले म्हणून वंशवृक्षाशिवाय त्याचे नाते उद्योगपती घराण्याशी जोडू नये.

घरातला विरोधही नोंदवावा. रमाबाई रानड्यांच्या शिक्षणाला सासरच्या स्त्रियांनीच किती टोकाचा विरोध केला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मात्र त्यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० चे आहे आणि ते मुख्यतः न्यायमूर्तींबरोबरच्या सहजीवनाविषयी आहे. मताधिकारासाठी रमाबाईंनी केलेले काम त्यानंतरचे, सेवासदन या स्त्रियांसाठीच्या संस्थेच्या काळातले. आत्मचरित्र उपलब्ध आहे म्हणून शोध संपला असे समजणाऱ्याच्या हातून नेमका चळवळीचाच काळ निसटतो.

त्या काळासाठी समकालीन कागदच पाहावे लागतात. काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागारात इलाख्याच्या सरकारी फायली आहेत. तिथे जाण्यापूर्वी विभाग व साल ठरवून जावे, नाहीतर दिवस अनुक्रमणिकेतच जातो. कायदेमंडळातील चर्चेचे छापील वृत्तांत वाचताना कोणत्या सभासदाने स्त्रियांच्या अर्जाचा उल्लेख केला ते टिपून घ्यावे. मराठी मासिके व अहवाल यांसाठी १८९८ पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, इंग्रजी जुन्या छापील साहित्यासाठी एशियाटिक सोसायटी, आणि पारशी कुटुंबांसाठी फोर्टमधील के. आर. कामा संस्था उपयोगी पडते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये सभांच्या बातम्यांखाली उपस्थितांची नावे असत, त्यांत आपल्या बाईंच्या आधी व नंतर कोणाची नावे आहेत ते पाहिले की तिचा गोतावळा आपोआप उलगडतो. अवंतिकाबाई गोखले यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेल्या हिंद महिला समाजासारख्या संस्थांच्या अहवालांतील वर्गणीदारांच्या याद्याही याच कामाच्या.

पत्ते जुळवताना रस्त्यांची नावे बदलली आहेत हे विसरू नये. क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे मार्ग, सँडहर्स्ट रोड म्हणजे सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, गिरगाव बॅक रोड म्हणजे विठ्ठलभाई पटेल मार्ग. लॅमिंग्टन रोड तर भडकमकर मार्ग होऊनही लोकांच्या तोंडी लॅमिंग्टनच राहिला. वाडीचे नाव बहुधा टिकते, इमारतीचे टिकेलच असे नाही.

नातेवाइकांच्या भेटी कागद पाहून झाल्यावर घ्याव्यात, म्हणजे विचारायला काहीतरी असते. मुलग्यांपेक्षा सुनांना अधिक माहिती असते, कारण शेवटच्या वर्षांत कार्यकर्तीच्या सहवासात त्याच अधिक असतात. आणि पत्रे किंवा छायाचित्रे पुष्कळदा लेकींबरोबर त्यांच्या सासरी गेलेली असतात, तेव्हा मूळ घरात काही मिळाले नाही म्हणून निराश होऊ नये. छायाचित्रातील प्रत्येकीचे नाव तिथल्या तिथे लिहून घ्यावे. दत्तकविधान, आजारपण, वाटणीचे भांडण असे विषय निघाले तर हयात व्यक्तींची लेखी संमती घेतल्याशिवाय ते छापू नयेत.

लिहिताना ऐकीव आणि कागदी माहिती वेगळी दिसेल अशी वाक्यरचना ठेवावी. नातीने सांगितले असेल तर ‘नातीच्या सांगण्यानुसार’ असे लिहावे, आणि दोन हकिकती जुळत नसतील तर दोन्ही द्याव्यात. सभेच्या बातमीत केवळ उपस्थित म्हणून नाव आले असेल, तर कार्यकर्ती उपस्थित होती एवढेच लिहावे. तिला त्या सभेची अध्यक्षा करण्याचा मोह कुटुंबीयांना होईलच, परंतु लेखकाने होऊ देऊ नये.