खेळकर हस्ताक्षरी फॉन्ट कुठे आणि कसा वापरावा

हाताने रेखाटल्यासारखा स्क्रिप्ट फॉन्ट लगेच ओळखू येतो. अक्षरं एका ओळीत शहाण्यासारखी बसत नाहीत, जरा वरखाली उड्या मारतात. रेघ कुठे जाड तर कुठे बारीक होते आणि शेवटच्या अक्षराला शेपटी फुटते. आमंत्रणपत्रिका, लोगो, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, बरणीवरचं लेबल इथे तो खुलतो, पण दोन-चार शब्दांपुरताच. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या फॉन्टमध्ये ठेवा. अख्खा परिच्छेद या अक्षरांत वाचायला लावणं म्हणजे शिक्षाच.

सगळ्यात जास्त बिघडतं ते अक्षरांमधलं अंतर. अक्षरं जोडलेली असतील तर लेटर स्पेसिंग शून्यावरच असू द्या, वाढवलं की सांधे उसवतात. पूर्ण शब्द कॅपिटलमध्ये तर नकोच. एका शब्दातले दोन ‘ओ’ हुबेहूब सारखे दिसले की हस्ताक्षराचा भास तिथेच संपतो. चांगल्या ओपनटाइप (फॉन्ट फाइलचा एक प्रकार) फॉन्टमध्ये म्हणूनच एकाच अक्षराची पर्यायी रूपं दिलेली असतात. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ग्लिफ्स पॅनेलमध्ये, म्हणजे फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणाऱ्या चौकटीत सापडतात. शेपटीवालं अक्षर मात्र शब्दात एकच पुरे.

स्टिकरच्या प्लास्टिक शीटमधून अक्षरं कापणाऱ्या व्हिनाइल मशीनवर काम करणार असाल तर आधी अक्षरं वेल्ड करून एकसंध करा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर काप पडतो.

मराठी मजकुरासाठी फॉन्टमध्ये देवनागरी आहे का ते बघा. नसेल तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. ‘कलम’ या मोफत फॉन्टमध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत. विकायच्या वस्तूवर छापायचं असेल तर परवाना वाचा, ‘पर्सनल यूज’वाला, म्हणजे फक्त खासगी वापरासाठी दिलेला फॉन्ट तिथे चालत नाही.