एका चुकीला किती वेळा कापणार? दहावीचे गणिताचे पेपर पहिल्यांदा तपासणाऱ्यांसाठी

दहावीच्या गणित भाग १ चे पेपर मी पहिल्यांदा तपासले तेव्हा लाल पेन नवीन होतं आणि अक्कल जुनीच होती. जुनी म्हणजे विद्यार्थिनी असतानाची. उत्तर चुकलं की फुली. बारा वर्षं वर्गात 'रीत महत्त्वाची, रीत महत्त्वाची' म्हणून घसा कोरडा केला होता, आणि गठ्ठा पुढ्यात आल्यावर मी काय करत होते? शेवटच्या ओळीतला आकडा नमुना उत्तराशी जुळवून बघत होते.

तुम्ही गणित शिकवता, त्यामुळे भाग १ बीजगणिताचा, भाग २ भूमितीचा, दोन्ही ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे, हे तुम्हाला सांगायला नको. नियामकांची, म्हणजे आपण तपासलेले पेपर नमुन्याने पुन्हा बघणाऱ्यांची, सभा असते, तिथे गुणदान ठरतं, तिथे जागं राहायचं असतं, हेही कोणीतरी सांगेलच. मला एकाच खड्ड्याबद्दल सविस्तर बोलायचंय, कारण त्यात मी पडले होते. बाकीचं येता जाता.

खड्डा असा. उदाहरण श्रेढीचं होतं, आकडे मी बदललेत. विहीर खणायची आहे, पहिल्या मीटरला ५०० रुपये, पुढच्या प्रत्येक मीटरला आधीच्यापेक्षा १५० रुपये जास्त, तर २० मीटरचा एकूण खर्च किती? चार गुण. पहिलं पद, सामान्य फरक, पदांची संख्या ओळखून लिहिणं एक. सूत्र एक. किमती घालून कंसातली आकडेमोड एक. पुढचा गुणाकार आणि रुपयांत उत्तर एक. कंसात १००० अधिक १९ गुणिले १५० येतं, म्हणजे ३८५०. त्याला १० ने गुणलं की ३८,५०० रुपये.

एका पोराने सगळं नीट लिहिलं. सूत्र बरोबर, किमती बरोबर. पण १९ गुणिले १५० त्याने २७५० केले. हातचा राहिला. मग कंस ३७५०, उत्तर ३७,५०० रुपये, खाली वाक्यात व्यवस्थित उत्तर. मी तिसरा गुण कापला, आकडेमोड चुकली म्हणून. चौथा कापला, उत्तर चुकलं म्हणून. चारपैकी दोन. आणि मला वाटत होतं की मी फार काटेकोर आहे.

नियामक सरांनी नमुन्यासाठी काढलेल्या पेपरांत तो निघाला. त्यांनी मला बोलावलं, पेपर उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, याने चूक किती वेळा केली?" मी म्हटलं एकदा. "मग फटके दोन कशाला? ३७५० गुणिले १० किती होतात?" मी म्हटलं ३७,५००. "मग त्याने काय लिहिलंय?" मी गप्प. "तीन द्या. आणि गठ्ठ्यातले बाकीचे उघडा."

बाकीचे उघडले. त्याच एका प्रश्नात असे सहा जण होते. दुसऱ्या प्रश्नांतले वेगळेच.

आता जे सांगते ते मला आजही खुपतं. नियामकांकडे सगळे पेपर जात नाहीत, नमुना जातो. त्या वर्षी दुसऱ्या गठ्ठ्यात मी पकडली गेले. पहिला गठ्ठा तोवर पुढे गेला होता. त्यात किती पोरांना मी एका चुकीला दोनदा, तीनदा कापलं असेल, मला माहीत नाही. कोणी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाला टाकला असेल तर सुटला असेल. पण ज्याच्या घरी छायाप्रत मागवायची असते हेच कोणाला ठाऊक नाही, त्याचं काय? पेपरवर नावाऐवजी बारकोड असतो, त्यामागे कोण होतं ते मला कधीच कळणार नाही. नियम म्हणून ते बरोबरच आहे. मला मात्र काही वेळा त्याचाच त्रास होतो.

घाबरू नका. ही सवय सुटते, आणि एका हंगामात सुटते. मी काय करते ते सांगते. उत्तर चुकलेलं दिसलं की वरून वाचत यायचं आणि पहिली चूक जिथे आहे तिथे थांबायचं. तिथला गुण किंवा अर्धा गुण गेला. आता नमुना उत्तर बाजूला सारायचं. पोराचा चुकलेला आकडा घ्यायचा आणि पुढचं उदाहरण त्या आकड्याने आपण शेजारच्या कोऱ्या कागदावर सोडवायचं. त्याचं आणि आपलं जुळलं तर पुढचे गुण त्याचे. मध्ये पुन्हा नवी चूक दिसली तर तिचे वेगळे कापायचे. सुरुवातीला याला वेळ लागतो आणि शेजारचे सर तुमच्याकडे बघून हसतात. हसू द्या.

आणि इथेच एक पोटखड्डा आहे, तोही सांगते, नाहीतर माझं ऐकून तुम्ही दुसऱ्या बाजूला कलंडाल. चुकीमुळे पुढचं काम सोपं झालं असेल तर? समजा तीन गुणांना, सूत्राचा उपयोग करून सोडवायचं वर्गसमीकरण आहे: क्ष² − ४क्ष − ३ = ०. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येतो तो आकडा, १६ अधिक १२, म्हणजे २८. वर्गमूळ २√७, मुळं २ अधिक √७ आणि २ वजा √७. पोराने चिन्हाचा घोळ केला आणि १६ वजा १२ लिहिले. विवेचक ४. वर्गमूळ २. मुळं ३ आणि १. टुणकन उडी मारून पलीकडे. त्याच्या आकड्याने पुढचं सगळं बरोबर आहे, पण √२८ चं सरळ रूप करणं आणि २ ने भागताना दोन्ही पदांना भागणं, हे जे तपासायचं होतं ते त्याच्या वाट्याला आलंच नाही. इथे पुढचे सगळे गुण देता येत नाहीत. न केलेल्या कामाचे गुण कसे द्यायचे? सूत्र लिहिल्याचे, किमती घातल्याचे द्या. वर्गमुळाच्या सरळ रूपाला अर्धा राखून ठेवला असेल तर तो देऊ नका.

शेजारच्याने त्याच समीकरणात विवेचक १६ अधिक १२ बरोबर २४ केला आणि मुळं २ अधिक √६, २ वजा √६ काढली, तर? त्याने काम पूर्ण केलंय. बेरीज चुकलीय, तेवढंच कापा. दोघांचीही उत्तरं चुकीची, पण दोघांना सारखे गुण देणं हा अन्याय आहे. हा फरक दिसायला लागला की तुम्ही परीक्षक झालात असं समजा. नेमणुकीचं पत्र आधीच आलेलं असतं, ते सोडा.

प्रश्नातला आकडाच चुकीचा उतरवून घेतला तर किती कापायचे, याबद्दल सभेतच विचारा आणि लिहून घ्या. शाब्दिक उदाहरणात वय उणे बारा आलं आणि पोराने तसंच 'उत्तर: वय −१२ वर्षे' लिहून टाकलं, तर शेवटच्या वाक्याचा गुण जाऊ द्या. तिथे विचार न करणं ही नवी चूक आहे.

सभेवरून आठवलं. सभेत गप्प बसू नका. नवीन आहोत, विचारलं तर हसतील, असं वाटतं. हसतातही. पण तुम्ही विचारलेली शंका खोलीतल्या निम्म्या लोकांना असते. वर्तुळाच्या क्षेत्रफळात नमुन्यात पाय (π) २२/७ घेतला आणि पोराने ३.१४ घेतला तर चालेल का? कृतीच्या प्रश्नात भरायच्या रिकाम्या चौकटीत १/२ ऐवजी २/४ लिहिलं तर? दोन चलांची समीकरणं लोपाऐवजी निश्चयकाने सोडवली तर? पद्धत प्रश्नातच सांगितलेली असेल तर गोष्ट वेगळी. सांगितली नसेल तर कुठलीही बरोबर पद्धत बरोबर. ज्याला एका उदाहरणाची एकच रीत येते त्याने पेपर तपासू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी शिक्षक खोलीत बोलून वाईटपणा घेतलेला आहे. भूमितीवाल्यांचं तर आणखी कठीण. समरूपतेची सिद्धता पोरगी वेगळ्या जोडीने करते आणि आपण 'नमुन्यात नाही' म्हणून रेघ मारतो. रचनेत कच्ची आकृती नाही म्हणून पूर्ण प्रश्नच उडवणारेही मी पाहिलेत.

आता सीनियरांबद्दल. चांगले सीनियर शंका विचारली की पेपर मागतात. वाईट सीनियर पेपर न बघता उत्तर देतात. "पहिलं पान बघितलं की मला मार्क कळतात" असं अभिमानाने सांगणारे एक प्रत्येक केंद्रावर असतातच. त्यांच्या शेजारी बसू नका. शास्त्राचं म्हणाल तर १९१३ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त गणित शिक्षकांना तपासायला पाठवली होती. गुण तिशीच्या आतपासून नव्वदीपर्यंत आले. एकच पेपर! गणितात मार्क ठरलेलेच असतात, मराठीसारखं नसतं, असं म्हणणाऱ्याला हे ऐकवा. मी ऐकवते. फरक पडत नाही, पण मला बरं वाटतं.

हात सैल पडणं आणि आवळणं, हे तुमचंही होणार. सकाळचे पहिले दहा पेपर आपण कडक तपासतो. जेवणानंतरचे सढळ. सलग चार कोरे पेपर आले की पाचव्यात नुसतं सूत्र दिसलं तरी गहिवरून येतं आणि सलग चार पैकीच्या पैकी आले की पाचव्याची साधी खाडाखोडही डोळ्यात खुपते. उपाय सोपा आहे आणि कंटाळवाणा आहे. पंचविसावा पेपर झाला की पहिले पाच पुन्हा उघडायचे, चार गुणांचा प्रश्न फक्त बघायचा. आपण आता तेवढेच गुण दिले असते का? नसते, तर दुरुस्ती करून सही करायची. लाज वाटून घेऊ नका. खाडाखोड पोरांनी केली तर आपण चालवून घेतो ना.

आणि तेरा. पास व्हायला पस्तीस टक्के लागतात, चाळीसपैकी पस्तीस टक्के म्हणजे चौदा, त्यामुळे बेरीज तेरा आली की हात आपोआप मागची पानं उलटायला लागतो. कुठे अर्धा, कुठे अर्धा. भल्या मनाने करतो आपण हे, मीही केलंय. पण विचार करा. त्याचा भाग २ तुमच्याकडे नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस तुमच्याकडे नाहीत. तो चौदावा गुण त्याला पास करतोय की काहीच करत नाहीये, तुम्हाला ठाऊकच नसतं. आणि तेराच्या पेपरात जो अर्धा गुण तुम्ही शोधून काढलात, तोच एकवीसच्या पेपरात शोधलात का? तेराला पुन्हा तपासायचं तर एकवीसलाही तपासा. वेळ नाही म्हणता? मग तेरालाही नको. मला माहीत आहे हे निष्ठुर वाटतं.

पहिल्या हंगामात तुम्ही चुकणार. नियामक तुम्हाला बोलावणार, पेपर उलटा करून सरकवणार. त्या क्षणी खोलीतले सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. कोणी बघत नसतं, सगळे आपापल्या बेरजेत असतात. 'हो सर, बघते' म्हणायचं आणि गठ्ठा परत उघडायचा. जो परीक्षक एकदाही परत बोलावला गेला नाही त्याच्याबद्दल मला जास्त शंका येते.

बेरीज दोनदा करा, वरून खाली आणि मग खालून वर. आतल्या पानांवर दिलेले गुण पहिल्या पानावरच्या चौकटींत उतरले का ते वेगळं बघा, ती बेरजेची चूक नसते, ती उतरवण्याची चूक असते आणि बेरजेत सापडत नाही. पुरवणी असेल तर शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत उलटा. मागच्या वर्षी गठ्ठा बांधायला घेतला आणि एका पुरवणीच्या पाठीवर, दोन कोरी पानं सोडून, चौथ्या प्रश्नातलं दुसरं उदाहरण सापडलं. प्रश्न क्रमांक समासात बारीक पेन्सिलने लिहिलेला. साडेतीन गुण. बावीसचे साडेपंचवीस झाले. गाठ सोडली, उरलेले सगळे पेपर पुन्हा मागच्या पानापासून उलटले. शिपाईमामा दोनदा येऊन कुलूप वाजवून गेले.