रोजची वही दुसऱ्या आठवड्यात बंद पडू नये म्हणून

वही शंभर पानी, एकरेघी, कुठलीही चालते. पहाटे पाचला उठा, रोज तीन पानं भरा, हे सल्ले मला अजिबात पटत नाहीत. डबे, मुलांची रिक्षा आणि नळाला पाणी यायची वेळ सांभाळणाऱ्या माणसाला ते झेपत नाहीत आणि मग तो लिहिणंच सोडतो. रात्रीची जेवणं आटोपली की पंधरा मिनिटं बसा. वर तारीख आणि वार घाला. फोन दुसऱ्या खोलीत.

पहिला आठवडा आपोआप जातो. साठलेलं असतं, ते उतरतं.

गाडी अडते ती दुसऱ्या आठवड्यात. साठा संपतो आणि वहीत येतं, 'सकाळी उठलो, मार्केट यार्डात गेलो, खूप गर्दी होती, दमलो.' चार दिवस हेच लिहिलं की वाटायला लागतं, आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडतच नाही. माझंही घोडं बरीच वर्षं इथेच अडायचं. अशा वेळी कुणी सांगतं, 'चांगले विचार लिहा.' ते ऐकू नका. विचार लिहायला बसलं की आपण भाषण करतो आणि भाषण रोज सुचत नाही.

दिवसातली एकच गोष्ट घ्या. स्वतः पाहिलेली, आणि लहान. 'खूप गर्दी होती' हे खोडा आणि त्या गर्दीतल्या एका माणसाकडे जा. सांगलीत हळदीचे सौदे चालू असताना मी असं लिहितो: 'खरेदीदाराने पोत्यातून एक हळकुंड उचललं, कट्‌कन मोडलं, आतला रंग उजेडात धरून बघितला. तुकडे परत पोत्यात टाकले आणि काही न बोलता पुढच्या पोत्याकडे गेला. शेतकरी त्याच्या पाठीकडे बघत राहिला.' दराची काळजी, वर्षभराचे कष्ट, यातलं काही लिहावं लागलं नाही. सगळं त्यात आलं.

'छान', 'भारी', 'खूप' हे शब्द महिनाभर बंद ठेवा. आकडा माहीत असेल तर आकडाच लिहा. पावसाळ्यात 'नदीला पाणी वाढलं' असं नको; 'आयर्विन पुलाला 38 फूट, समोरच्या दुकानदाराने खालच्या फळीवरचा माल वर चढवला' असं हवं. कृष्णेवरच्या या पुलापाशी पाणी 40 फुटांना गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीत शाळकरी पोरंही सांगतात. पण 2019च्या महापुरात कुठल्या दिवशी पाणी कुठल्या पायरीला होतं, यावर एकाच घरात दोन मतं निघतात. ज्याने त्या रात्री लिहून ठेवलं, त्याला आठवावं लागत नाही.

असं लिहीत गेलं की बघणंच बदलतं. भर दुपारी, कामाच्या रगाड्यात लक्षात येतं, आज रात्री हे लिहायचं. रोज लिहिण्याचा याहून मोठा फायदा मला माहीत नाही.

मनाला लागलेलं लिहिताना मात्र सांभाळा. 1986 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवांवर लिहायला लावलं. प्रसंग आणि भावना दोन्ही मांडणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. म्हणून वडील गेल्याचं लिहिताना त्या रात्री रडू आलं तर घाबरू नका. पंधरा मिनिटं झाली की वही मिटा. मात्र चार-पाच दिवस झोपच उडाली, तर तो विषय थांबवा आणि विश्वासातल्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला.

एकवीस दिवसांत सवय लागते, हेही डोक्यातून काढा. लंडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुणाला 18 दिवस लागले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला; मधला आकडा 66 होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. घरात लग्न आहे, वही उघडली नाही, तर नाही. राहिलेले दिवस भरून काढत बसू नका, आजची तारीख घालून पुढे चला.

महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. दुरुस्ती नको. जी ओळ वाचताना प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो, तिच्या शेजारी पेन्सिलने बारीक रेघ मारा आणि पुढच्या महिन्यात तशाच ओळी लिहा.