जुन्या वस्तीच्या रहिवासी मंडळाने वाडे, झाडे आणि वाहतूक यांचे काम कसे चालवावे

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडी यांसारख्या जुन्या भागांतील मंडळे बहुधा तीन वेगवेगळे अर्ज करतात: पडझड झालेल्या वाड्यांबद्दल एक, झाडांबद्दल दुसरा आणि वाहनांच्या गर्दीबद्दल तिसरा. ते तीन खात्यांत जातात, आणि एका खात्याने केलेले काम दुसऱ्याच्या कामावर उठते. वस्तुतः वाड्याचा ओटा, झाडाचे आळे आणि उभी केलेली स्कूटर या तिन्ही गोष्टी त्याच चार-पाच मीटर रुंदीवर हक्क सांगत असतात. म्हणून मंडळाने अर्ज लिहिण्याआधी संपूर्ण गल्लीचा एकच नकाशा तयार करावा आणि पुढची प्रत्येक मागणी त्याच्याच आधारे करावी.

नकाशासाठी वास्तुविशारदाची वाट पाहण्याचे कारण नाही. साध्या टेपने दर दहा मीटरवर भिंतीपासून भिंतीपर्यंतची रुंदी मोजावी. ओटे, गटाराची झाकणे, विजेचे खांब, पेट्या आणि कायमच्या टपऱ्या जागच्या जागी दाखवाव्यात. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून सुमारे १.३७ मीटर उंचीवर मोजून नोंदवावा. घराच्या जोत्याची रस्त्यापासूनची उंची मात्र विसरू नये, कारण बहुतेक मंडळांकडे हा आकडा नसतो आणि तोच सर्वांत उपयोगी पडतो. वर्षानुवर्षे जुन्या थरावर नवा थर चढत गेला की रस्ता जोत्याच्या बरोबरीला येतो, आणि पावसाळ्यात पाणी गटाराऐवजी माजघराकडे वळते. त्यामुळे नूतनीकरणाच्या अर्जात ‘रस्ता करून मिळावा’ एवढेच न लिहिता, जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर घालू नये आणि रस्त्याची पातळी अमुक जोत्यापेक्षा अमुक इतकी खाली ठेवावी, असे मापासह लिहावे.

वाड्यांच्या बाबतीत प्रथम कायद्याची मर्यादा पाहावी. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा, म्हणजे बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचे भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले निवासस्थान, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिषिद्ध (नव्या बांधकामास मनाई असलेला) आणि त्यापुढील २०० मीटरचा भाग विनियमित (परवानगीनेच बांधकाम करता येणारा) असतो. तेथे स्वतःच्या घराची दुरुस्ती करायची तरी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. नकाशावर या दोन रेषा आखून ठेवल्या तर कोणत्या सभासदाला कोणती परवानगी लागेल हे एका नजरेत कळते.

या रेषांबाहेरचे वाडे बहुतांशी मालकाच्या मर्जीवर उभे असतात, आणि तेथे मंडळाचे खरे काम समजावण्याचे आहे. विटा, लाकूड आणि चुना यांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही; ती लाकडी तुळयांच्या टोकांशी साचते आणि तुळई कुजू लागते. गिलावा करायचाच असेल तर चुन्याचा करावा, आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांची नावे मंडळाने जपून ठेवावीत. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच मुळासकट काढावे. नुसते छाटले तर ते पुन्हा फुटते आणि विटा सुटतात. धार्मिक भावनेमुळे कोणी हात लावायला कचरत असेल तर रोप काढून मोकळ्या जागी लावण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. असे केल्याने निम्मे वाद मिटतात.

झाडे लावताना उत्साहापेक्षा जागेकडे पाहावे. अरुंद गल्लीत बकुळ किंवा बहावा शोभतो. वडाला चौक हवा. झटपट हिरवळ म्हणून कोनोकार्पस कोणी सुचवला तर गुजरात वनविभागाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातल्याचे दाखवून द्यावे. पेव्हर ब्लॉक बसवणारा ठेकेदार बुंध्यापर्यंत सिमेंट भरतो. दिल्लीतील झाडांच्या संदर्भात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीची एक मीटरपर्यंतची जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता; त्याचा हवाला देऊन आपल्या महापालिकेकडेही तेवढी मोकळी माती मागावी.

वाहतुकीबाबत तक्रारीपेक्षा मोजणी अधिक बोलते. सकाळी शाळेच्या वेळी आणि सायंकाळी बाजाराच्या वेळी, दर पंधरा मिनिटांना दुचाकी, रिक्षा, मोटारी आणि पायी जाणारे लोक वेगवेगळे मोजावेत. सणाचे दिवस वगळावेत. गणेशोत्सवाचे आकडे स्वतंत्र ठेवावेत, कारण मांडवामुळे अग्निशमन बंबाला वाट उरते की नाही हा निराळा आणि मंडळाने स्वतःलाच विचारायचा प्रश्न आहे. एकेरी मार्ग किंवा नो पार्किंग हे पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्याने ठरते, तेव्हा त्यासाठी नगरसेवकाकडे खेटे घालण्यापेक्षा वाहतूक शाखेकडे मोजणीसह निवेदन द्यावे. गतिरोधक मात्र महापालिकेचा विषय. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे रातोरात उभे राहणारे वीतभर रुंदीचे उंचवटे वाहने आदळवतात, आणि त्या हादऱ्यांचा त्रास शेजारच्या जुन्या भिंतींना होतो.

मंडळ नोंदवण्यासाठी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात सभासद लागतात. ते लवकर उरकून घ्यावे, नियमावलीवर महिनोन्‌महिने चर्चा करू नये. अर्ज गुजरातीत लिहावेत, पोच घ्यावी आणि प्रती वॉर्डातील चारही नगरसेवकांना द्याव्यात. खर्चाच्या मागण्या दिवाळीनंतर लगेच पोहोचाव्यात, कारण एप्रिलपासूनच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याच हिवाळ्यात होते. उत्तर आले नाही तर २० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकाराखाली त्या अर्जावर कोणता शेरा पडला, फाईल सध्या कोणाकडे आहे आणि स्थळपाहणी झाली असल्यास तिचा अहवाल काय, एवढेच विचारावे. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, आणि पुढचा अर्ज त्या उत्तराच्या जावक क्रमांकाचा उल्लेख करूनच लिहावा.