ग्रंथपालांनो, ऑनलाइन ओळखी वाढवताना या चुका टाळा

एकाच लेखकाचं नाव तीन पुस्तकांवर तीन तऱ्हांनी छापलेलं असलं, तरी कॅटलॉगमध्ये ते एका रूपाखाली आणणारी आपण माणसं. आणि लिंक्डइनवर मात्र आपलीच दोन खाती! कारण बहुतेकदा साधं असतं. पहिलं खातं कामाच्या ईमेलवर उघडलेलं असतं. नोकरी सुटली, ईमेल बंद पडला, पासवर्ड आठवेना, मग काढलं नवं. म्हणून सेटिंगमध्ये खासगी ईमेल आजच जोडा आणि तोच मुख्य ठेवा. दोन खाती झालीच असतील, तर दोन्हींत लॉगिन होतंय तोवर ती एकत्र करून घ्या. पण त्यात बंद होणाऱ्या खात्यातली फक्त जोडलेली माणसं इकडे येतात. शिफारसी आणि बाकीचा मजकूर येत नाही, तो आधी उतरवून ठेवा.

‘प्रोफाइल कुणाला सापडतच नाही’ ही दुसरी तक्रार. नावाखालच्या ओळीत काय लिहिलंय ते पाहा. ‘पुस्तकप्रेमी’ असं लिहून कुणी शोधत नाही, आणि ‘सहायक, श्रेणी दोन’ हे तुमच्या कचेरीबाहेर कुणाला कळत नाही. 220 अक्षरांची जागा आहे. त्यात खरं काम लिहा: तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणं), मार्क 21 (त्या नोंदींचा संगणकीय साचा), कोहा (ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर), डीस्पेस (डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर), संदर्भसेवा, जे येत असेल ते. येत नसेल ते लिहू नका, पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं.

नोंदणी करताना साइट तुमचं ॲड्रेस बुक मागते. ती पायरी सरळ वगळा. संपर्कातल्यांना वापरकर्त्यांच्या नावाने वारंवार स्मरणपत्रं गेल्याच्या खटल्यात लिंक्डइनने 2015 साली 1 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड केली होती. आपल्या यादीत तर पुस्तकविक्रेते, प्रकाशक आणि मुदत उलटलेले वाचकही असतात. ज्याला काल पुस्तक परत करा म्हणून कळवलं, त्याला आज ‘माझ्या नेटवर्कमध्ये या’!

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वाचकांबद्दल लिहिणं. ‘आज एकाने अमुक आजारावरची पुस्तकं मागितली, शोधून दिली, समाधान वाटलं.’ हेतू चांगला, पण लहान ग्रंथालयात तो ‘एक’ कोण हे चार जणांना लगेच कळतं. कुणी काय वाचलं हे देवघेव टेबलापलीकडे जाऊ द्यायचं नाही, हा नियम इथेही लागू. फोटो टाकण्याआधी मागचा स्क्रीन मोठा करून बघा. सभासदाचं नाव आणि क्रमांक त्यात आरामात वाचता येतो.

प्रोफाइल कोण पाहून गेलं ते दिसत नसेल, तर तुम्ही स्वतः खासगी मोडमध्ये फिरत असाल. मोफत खात्यात आपण लपलो की समोरचेही दिसत नाहीत.

आणि ‘कुणीच बोलत नाही’ म्हणून खातं बंद करण्याआधी एक नेमका प्रश्न टाकून पाहा. ‘मार्गदर्शन करा’ असा नको. ‘कोहात नोंदी आयात करताना जोडाक्षरं तुटतात, फाइल यूटीएफ-8 मध्ये आहे, आणखी काय तपासू?’ असा.